आधी खात्री, मग बातमी

‘परीक्षा पुढे ढकलली!’ ही बातमी मेसपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? फार तर दोन मिनिटं. आणि ‘कुणी सांगितलं?’ असं विचारणारा? तो बहुधा भेटतच नाही. आयुष्यभर हाच प्रश्न विचारत राहिलेल्या एका माणसाची ही ओळख.

वॉल्टर क्रॉन्काइट यांचा जन्म १९१६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात झाला. शाळेत असताना त्यांना मायनिंग इंजिनिअर व्हायचं होतं, नाहीतर बातमीदार! टेक्सास विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून ते बातमीदार झाले. दुसऱ्या महायुद्धात युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी त्यांनी युरोपातून बातम्या पाठवल्या. १९५० साली ते सीबीएस टीव्हीत आले आणि १९६२ ते १९८१ अशी तब्बल एकोणीस वर्षं तिथल्या संध्याकाळच्या बातम्या त्यांनी दिल्या.

२२ नोव्हेंबर १९६३. डलासमध्ये अध्यक्ष केनेडींवर गोळीबार झाला. सुरुवातीला पडद्यावर नुसती पाटी होती आणि मागे क्रॉन्काइट यांचा आवाज. कारण ऐकून गंमत वाटेल. त्या काळचे ट्यूबवाले कॅमेरे तापून तयार व्हायलाच बराच वेळ लागायचा! केनेडी गेल्याची बातमी डलासहून आली होती, पण अधिकृत दुजोरा नाही, हे क्रॉन्काइट बजावून सांगत राहिले. वृत्तसंस्थेचा कागद हातात आला तेव्हाच त्यांनी निधन जाहीर केलं. चष्मा काढला, घड्याळाकडे पाहून वेळ सांगितली. क्षणभर आवाज अडखळला, इतकंच.

१९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये स्वतः फिरून आल्यावर ‘हे युद्ध कोंडीत अडकलंय’ असं त्यांनी सांगितलं. मात्र हे आपलं वैयक्तिक मत आहे, हेही त्याच कार्यक्रमात स्पष्ट केलं. आपण जर्नलमध्ये ‘ऑब्झर्व्हेशन’ आणि ‘कन्क्लुजन’ वेगळं लिहितो, तसंच! (कॉपी केलेल्या जर्नलची गोष्ट सोडा.)

तो कार्यक्रम पाहून अध्यक्ष जॉन्सन हताश झाले, असं अजूनही सांगतात. प्रत्यक्षात त्या रात्री जॉन्सन टेक्सासमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते! म्हणजे खुद्द क्रॉन्काइट यांच्याबद्दलची गोष्टसुद्धा तपासूनच घ्यावी लागते.

२००९ साली ते गेले. कॅमेरे बदलले, आता प्रत्येकाच्या खिशात एक आहे आणि तो तापायची वाट बघावी लागत नाही. पण ‘हे नक्की’, ‘हे माझं मत’ आणि ‘हे अजून कळलेलं नाही’ हे तीन कप्पे वेगळे ठेवायचं काम कोणतंही यंत्र आपोआप करत नाही. ते आपल्यालाच करायचंय.