अल्पवयीन मुलगी गरोदर आहे, दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होते का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर भागातून धानाचा हंगाम संपला की अनेक मजूर कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. अशा स्थलांतरात मुलींची शाळा सुटते, लग्नही लवकर उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या. देशात हेच प्रमाण ६.८ टक्के होतं.

भीती कशाची?

पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलीची संमती धरली जात नाही. लग्न झालेलं असलं तरीही. त्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. मुलगा आत जाईल, गावात बोभाटा होईल, म्हणून घरचे गोष्ट लपवतात. तोवर तपासणीचे महिने निघून जातात. कोवळ्या वयात रक्तक्षय, झटके आणि कमी वजनाचं बाळ, हे धोके जास्त असतात.

नाव उघड होतं का?

गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं.

गर्भपात कधीपर्यंत?

अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत. पालकांची लेखी संमती लागते आणि २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत.

बाळ ठेवायचं असेल तर?

सरकारी दवाखान्यात तपासणी, औषधं, बाळंतपण, सिझेरियनसुद्धा मोफत आहे.

कुणाला विचारावं?

गावातल्या आशाताईंना, किंवा १०९८ या चाइल्डलाइन नंबरवर. फोन जितका लवकर, तितके मार्ग जास्त.