सगळे दिवे एकदम लागले? ईसीयू बदलण्याआधी ओहम मोजा

एपिसोडमध्ये आकडे भराभर बोलून गेलो, म्हणून इथे नीट लिहून देतोय.

चालत्या गाडीत इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, सगळ्यांचे दिवे एकदम लागले तर काय समजायचं? तीन पार्ट एकाच मिनिटात सहसा जात नाहीत. तिघांना जोडणारं काय आहे, ते आधी बघायचं.

गाडीतले छोटे कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात. ही कॅन बस. बॉशने ती १९८६ मध्ये जगासमोर आणली. कॅन हाय आणि कॅन लो या वायरी एकमेकींना पिळलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. तो कशाला? घाटात हाक मारली की ती परत येते ना, तसा सिग्नल टोकावरून परत फिरतो. रेझिस्टर त्याला तिथेच जिरवतो. आता शाळेतलं फिजिक्स आठवा: १२० ला १२० पॅरलल, म्हणजे ६०.

धारूरला मामांच्या गाडीचं असंच झालं. एका गॅरेजने "ईसीयू गेलाय" म्हणून ४०,००० रुपये सांगितले. मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ की जरा!"

मोजायचं असं: इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाच मिनिटं थांबा. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात पिन ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा.

• ६० च्या आसपास: दोन्ही टोकं जोडलेली आहेत.
• १२०: एक टोक तुटलंय.
• शून्याजवळ: दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.
• आकडाच नाही: सॉकेटपर्यंतची वायरच तुटलीय.

मामांच्या गाडीत १२० आले. त्यांच्या गाडीत एक रेझिस्टर इंजिनच्या ईसीयूत आहे. त्याचं कपलर काढलं, तरी सॉकेटवर १२० च! म्हणजे तो ईसीयू आधीच तुटलेला होता. मग ईसीयूच्या स्वतःच्या पिनांवर मोजलं, तिथेही १२०. म्हणजे त्याचा रेझिस्टर ठणठणीत, मधली वायर गेलेली. बॉनेटखाली शोधलं तर उंदरांनी कुरतडलेली! सोल्डर केलं, वर हीट-श्रिंक नळी चढवली, पीळ तसाच ठेवला. दिवे गेले.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ६० आले तरी वायर बॉडीला टेकलेली असू शकते. बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून दोन्ही पिनांचं व्होल्टेज ग्राउंडशी मोजा. दोन्हीकडे २.५ च्या आसपास हवं, हाय किंचित वर, लो किंचित खाली. शून्य किंवा १२ आलं तर शॉर्ट. दुसरं, काही नव्या गाड्यांत सॉकेट गेटवेच्या मागे असतं, तिथे हे आकडे पूर्ण गाडीचे नसतात. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावूच नका.

स्वतः मोजणं जमणार नसेल तरी चालेल. कुणी "ईसीयू बदला" म्हटलं की शांतपणे एवढंच विचारा, "दादा, सहा-चौदावर किती ओहम आले?"