इंजिनाची पहिली वीस मिनिटं

जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधताना केलेली एक गोष्ट पहिल्यांदा पाहणाऱ्याला चुकीची वाटते. सिलिंडर बोअर होऊन गुळगुळीत झाला की त्याच्या भिंतीवर मुद्दाम ओरखडे काढतात. होनिंगचे दगड फिरवत वर-खाली नेले की एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी उमटते. तिच्या खाचांत तेल टिकून राहतं. तिची सूक्ष्म टोकं पिस्टनच्या रिंगांना घासतात, रिंगा त्या टोकांना घासतात, आणि दोघांची गोलाई एकमेकांशी जुळते. इतकी नेमकी जुळणी बाहेरच्या कुठल्याही यंत्रावर होत नाही. कारागिराचं काम संपलं तरी इंजिन पूर्ण झालेलं नसतं. उरलेलं काम ते स्वतः करतं, पहिल्यांदा सुरू झाल्यावर, चालता चालता.

ठाण्याच्या बाळकुममध्ये या कामाला एक वेगळी घाई असते. नाक्यावरून भिवंडीकडे निघालं की थोड्याच वेळात कशेळीचा पूल, खाली खाडी. त्या दमट हवेत, पावसाळ्यात तर विशेष, होन केलेल्या उघड्या बिडावर एका रात्रीत तांबूस झाक चढू शकते. म्हणून ब्लॉक हाती आला की साबणाच्या पाण्याने घासून धुवायचा, कोरडा करायचा आणि लगेच तेलाने माखायचा. धुण्यात आळस केला तर होनिंगच्या दगडाची बारीक पूड खाचांत राहते आणि नव्या रिंगांना सुरुवातीलाच खाऊन टाकते.

उदाहरणाला आपल्याच भागातलं इंजिन घेऊ, प्रीमियर पद्मिनीचं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची मुंबईतली शेवटची नोंदणी 2003 सालची, आणि वीस वर्षांची मुदत संपून ती टॅक्सी रस्त्यावरून गेली ऑक्टोबर 2023 मध्ये. पण तिच्या इंजिनाचं मूळ आणखी मागे आहे. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून 1,089 सीसी. हीच मापं फियाटच्या 1937 सालच्या 1100 मोटारीत होती. हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आजही आहेत, आणि त्यांची इंजिनं आजही उघडली आणि बांधली जातात.

बांधून झालेल्या इंजिनाला लगेच चावी मारायची नसते. आधी चारही प्लग काढून ठेवायचे आणि नुसता सेल्फ मारायचा. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशन नाही, बिअरिंगवर जोर नाही, आणि तेलाचा पंप मात्र फिरतो. कोरड्या नळ्या भरत तेल वर चढतं, ऑइल प्रेशरचा दिवा विझतो किंवा काटा हलतो, रॉकरपाशी तेल झिरपताना दिसतं. तोपर्यंत पेट्रोलचं नाव काढायचं नाही.

एवढी काळजी कशासाठी, याचं उत्तर 1883 साली इंग्लंडमध्ये सापडलं. ब्यूचॅम्प टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बिअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बिअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर त्यातून तेल उलट वर येऊ लागलं. भोकात लाकडी बूच ठोकलं, तेही बाहेर फेकलं गेलं. फिरता आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढत होता आणि त्या ओढण्यातून एवढा दाब तयार होत होता की अख्खा भार तेलावर तरंगत होता. तीन वर्षांनी ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर वेगातला टायर पाण्यावर चढतो आणि डांबराला टेकतच नाही, तसंच हे. क्रँकशाफ्ट आणि बिअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. इंजिन फिरत असताना त्या फटीत धातू धातूला जवळजवळ शिवत नाही. शिवतो तो सुरू होतानाच्या क्षणी, तेलाचा थर तयार होण्याआधी. पंपाने तेल आधीच पोचवून ठेवलं की तो धोक्याचा क्षण अगदी लहान होतो.

आता प्लग लावायचे, वायरी जोडायच्या आणि चावी फिरवायची. पुष्कळदा इंजिन सुरू होत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. पेट्रोल इंजिनाच्या मागण्या मोजक्या: हवा-पेट्रोलचं मिश्रण, दाब, करंट, आणि करंट पडायची अचूक वेळ. यातलं काय नाही ते एकेक पडताळत जायचं.

सेल्फ नुसता टक् करून थांबला तर आधी अर्थची पट्टी बघावी. इंजिनाला नवा रंग दिलेला असतो, पट्टी त्या रंगावरच आवळली जाते आणि विजेला परतीची वाट राहत नाही. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तर एक प्लग काढून वायरीला लावायचा, त्याची बॉडी ब्लॉकला टेकवायची आणि सेल्फ मारायचा. पेट्रोलची वाफ आसपास नाही हे मात्र आधी पाहायचं. निळसर, टकटक वाजणारी ठिणगी दिसली तर करंट आहे. पिवळी, मरतुकडी दिसली तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. करंट असून प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. महिनोन्महिने पडून राहिलेल्या कार्ब्युरेटरची वाटी कोरडी असते, ती भरायला वेळ लागतो. प्लग ओला निघाला तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही.

सगळं असूनही कार्ब्युरेटरमधून फटाका उडत असेल तर मात्र शंका वेळेची घ्यावी. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच भाग. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक. त्यामुळे पहिल्या नंबरचा पिस्टन माथ्यावर आल्याची पुलीवरची खूण प्रत्येक चक्रात दोनदा जुळते. एकदा मिश्रण दाबलं गेल्यावर, एकदा धूर बाहेर टाकल्यावर. डोळ्यांना दोन्ही वेळा सारखंच दिसतं. दुसरी वेळ धरून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजमधला डेल्को, बसवला तर ठिणगी नेमकी इनलेट वॉल्व्ह उघडत असताना पडते आणि ज्वाळा कार्ब्युरेटरकडे धावते. खरी वेळ ओळखायची रीत साधी आहे. प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा आणि क्रँक हाताने फिरवायचा. आतली हवा अंगठ्याला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. तिथे टायमिंग लावायचं आणि वायरी 1-3-4-2 या क्रमाने जोडायच्या. या अंगठ्याने साधलेल्या कामाची बारकाई बघा. 800 आरपीएमवर क्रँकला दहा अंश फिरायला सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग लागतो. ठिणगी एवढीशी जरी इकडेतिकडे झाली तरी इंजिन मलूल होतं किंवा ठोके देतं. अंगठ्याने नुसती सुरुवात होते. इंजिन धरलं की टायमिंग लाइट लावून नेमकेपणा साधायचा.

इंजिन धरलं! आणि इथे अनेकांचा हात आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो. बिचारं नवं आहे, हळू चालू दे. पण कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर हीच दया महागात पडते. कॅमचा लोब टॅपेटला शिवतो तो एका बारीक पट्टीत, आणि स्प्रिंगचा सगळा जोर त्या पट्टीवर असतो. आयडलला तो जोर लोबच्या टोकावर सर्वाधिक पडतो, शिवाय क्रँकने उडवलेलं तेल तिथवर कमी पोचतं. म्हणून रूढ पद्धत अशी की सुरू होताच इंजिन 2,000 आरपीएमच्या आसपास न्यायचं, थोडं वर-खाली करत, वीस मिनिटं. कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे एवढ्या वेळात आठही लोब प्रत्येकी सुमारे 20,000 वेळा वॉल्व्ह उघडतात. अशा टॅपेटचा तळ सपाट दिसला तरी साधारणपणे अगदी किंचित फुगीर असतो आणि लोबला नजरेला न दिसणारा उतार असतो, त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवतीही फिरतो. झीज एका जागी न होता सगळ्या तळावर वाटली जाते. त्याला फिरवायला वेगळा भाग नाही, गिअर नाही, फक्त आकार. जुन्या तेलांत झिंक आणि फॉस्फरसचं संयुग भरपूर असायचं, ते अशा जागी धातूवर रक्षक थर धरायचं. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक म्हणून आजच्या अनेक तेलांत ते कमी केलं आहे. पद्मिनीसारख्या इंजिनासाठी तेल निवडताना हे लक्षात ठेवावं.

त्या वीस मिनिटांत डोळे ऑइल प्रेशर आणि तापमानावर. प्रेशर पडलं तर तत्क्षणी बंद, कारण शोधायचं ते नंतर. रंगाचा, ग्रीसचा धूर येणारच. निळसर धूर सुरुवातीला चालतो, रिंगा अजून बसलेल्या नसतात. पांढरी वाफ मात्र इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केटकडे बघावं.

रिंगा बसायला भार लागतो. स्फोटाचा दाब रिंगेच्या मागच्या खोबणीत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. दाब जितका जास्त तितकी रिंग घट्ट. उभ्या गाडीत तासन् तास आयडल ठेवलं तर हा दाबच मिळत नाही, जाळीवर चकचकीत थर चढतो आणि गाडी पुढे कायम तेल खात राहते. म्हणून वीस मिनिटं झाली आणि गळती नाही ना ते पाहिलं की गाडी रस्त्यावर काढायची. बाळकुमहून घोडबंदर रस्त्याने पहाटे निघावं, गायमुखच्या चढावर वरच्या गिअरला इंजिन घरघरू न देता नेटाने खेचावं, मग ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून द्यावा. खेचताना रिंगा भिंतीवर दाबल्या जातात. सोडल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात पोकळी निर्माण होते, थोडं तेल वर ओढलं जातं आणि घासून निघालेला भुगा धुऊन निघतो. असं पुन्हा पुन्हा, पण पूर्ण ताकदीने नाही आणि एकाच वेगाने लांबवरही नाही.

त्यानंतर हे पहिलं तेल काढून टाकायचं, ते कितीही नवं दिसलं तरी. ते पसरट भांड्यात घेऊन उन्हात धरावं. करडी, पिठासारखी बारीक चमक असेल तर ती रिंगा आणि भिंत यांची ठरलेली घासणी. बोटाला लागणारे कण किंवा तांबूस चकत्या दिसल्या तर बिअरिंग जातंय, आणि ऑइल पॅन त्याच दिवशी उतरवावा. सगळं ठीक असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, ज्या गॅस्केटला गरज असते तिथे हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्कने पुन्हा आवळायचे. हेड आवळलं की टॅपेटची फट बदलते, म्हणून फीलर गेज घेऊन आठही टॅपेट पुन्हा लावायचे, आणि नवा फिल्टर, नवं तेल भरायचं.