रसाची गोडी मोजणारी नळी
स्वस्तातली प्रयोगशाळा : लेखांक सातवा

नीरेहून बारामतीकडे निघालं की वाटेत कोऱ्हाळे बुद्रुक लागतं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या दिवसरात्र चालू असतात. सोमेश्वर कारखाना इथून जवळच, आणि माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती हेही याच पट्ट्यातले. त्यामुळे इथल्या मुलांच्या कानावर जेवताखाताना जे शब्द पडतात ते टनेज, तोड, पहिला हप्ता आणि उतारा. आठवीतल्या पोराला ‘उतारा म्हणजे काय रे?’ असं विचारा, ते चटकन सांगेल की शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो उतारा. त्याच पोराला ‘प्लावक बल म्हणजे काय?’ विचारा. ते पाठ केलेली व्याख्या म्हणेल आणि खाली बघेल.

पहिलं उत्तर घरातून आलं, दुसरं पुस्तकातून. या दोन्ही गोष्टी एकाच ग्लासात बसतात हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. आज ते करून बघायचं आहे.

गेल्या दोन भागांत आपण जुना संगणक चालता कसा करायचा आणि इंटरनेटवरचं मोफत साहित्य त्यावर कसं उतरवून घ्यायचं ते पाहिलं. आता संगणक चालू झाला, पुढं काय? इथं बरीच मंडळी अडखळतात. वर्गात पडदा लागतो, मुलं ओळीनं बसतात, ‘विज्ञानाचा व्हिडिओ’ सुरू होतो, आणि मुलं पुन्हा ऐकणारीच राहतात.

ही चूक आपल्यापुरती नाही. ती जगात फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे. २००५ साली अमेरिकेच्या एमआयटीतले निकोलस निग्रोपोंटे यांनी दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली : जगातल्या प्रत्येक मुलाला एक. भारत सरकारनं २००६ मध्ये तो नाकारला, तरी २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या विसेक मुलांच्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. यंत्र फार विचारानं बनवलेलं होतं. भर उन्हात वाचता येईल असा पडदा, कॅमेरा, माइक. म्हणजे बनवणाऱ्यांच्या मनात तो झाडाखाली, ओढ्यावर, गोठ्यात न्यायचा होता. किंमत मात्र शंभरावर थांबली नाही, दोनशेच्या जवळ गेली. पेरू देशानं ही यंत्रं लाखांनी घेतली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पंधरा महिन्यांनंतरही गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. मुलांच्या हातात यंत्र पोचलं होतं. त्या यंत्राला विचारायचा प्रश्न मात्र त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, असं मला वाटतं.

आपल्या पुणे जिल्ह्यात याच्या उलट वाटेनं गेलेलं एक ठिकाण आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं आधी हातात काम येतं. वेल्डिंग, पाणी, माती, स्वयंपाक यांतून प्रश्न निघतात आणि मग त्यासाठी विज्ञान शोधलं जातं. गंमत अशी की २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या ‘फॅब लॅब’पैकी एक याच पाबळला झाली. संगणकावर चालणारी यंत्रं तिथं आली ती कामाची अवजारं म्हणून. या लेखमालेत मी धरलेला नियम तिथूनच घेतलेला आहे : जे हातानं करता येतं ते पडद्यावर दाखवायचं नाही. डोळ्याला दिसत नाही किंवा हाताला मोजता येत नाही, तेवढंच पडद्याकडे सोपवायचं.

आता नळी बनवू या.

जाड स्ट्रॉ घ्या, साधारण वीस सेंटिमीटर लांब. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ पाण्यात मऊ पडते. म्हणून कागदी स्ट्रॉ वितळलेल्या मेणात एकदा बुडवून काढायची आणि खालचं तोंडही मेणानंच बंद करायचं. मेण वितळवायचं काम मोठ्यांनी करायचं. आत सायकलच्या दुकानात मिळणारे बारीक छर्रे टाकायचे, पाच-सहा पुरतात. पाण्याची एक लिटरची बाटली वरून कापली की उंच भांडं तयार. त्यात पाणी भरून नळी सोडायची. ती सरळ उभी तरंगली पाहिजे. कलंडली तर अजून एक छर्रा टाकायचा, तळाला गेली तर एक काढायचा. पाणी जिथं टेकतं तिथं पेनानं रेघ : शून्य.

मग वजनकाटा. ४५० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम साखर विरघळवली की शंभर भागांत दहा भाग साखर झाली. याला म्हणतात दहा ब्रिक्स. पुष्कळ जण एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम साखर घालतात आणि दहा ब्रिक्स झालं म्हणतात. ते होतं नऊच्या थोडं वर, कारण एकूण वजन अकराशे ग्रॅम झालेलं असतं. ही चूक मुलांना आधी करू द्यावी. टक्केवारी कशाची काढायची, हा प्रश्न फळ्यावर शंभर वेळा सांगून जितका कळत नाही तितका इथं एकदा चुकून कळतो.

नळी साखरपाण्यात सोडण्याआधी प्रत्येक मुलानं वहीत अंदाज लिहायचा : नळी वर येईल, खाली जाईल की तिथंच राहील? आणि का? हा अंदाज मला प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. अंदाज लिहिलेल्या मुलाला निकालाची ओढ असते. न लिहिलेलं मूल फक्त बघतं.

नळी वर येते. शून्याच्या रेघेखाली बारा सेंटिमीटर बुडलेली असेल तर दहा ब्रिक्सला ती साडेचार मिलिमीटरच्या आसपास वर उचलली जाते आणि वीस ब्रिक्सला (४०० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम साखर) सुमारे नऊ मिलिमीटर. साखरपाणी पाण्यापेक्षा जड, त्यामुळे नळीच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारायला तिला कमी बुडावं लागतं. पुस्तकातली प्लावक बलाची व्याख्या हीच. आता ती नऊ मिलिमीटरची झाली.

पाच, पंधरा आणि पंचवीस ब्रिक्सचीही मापं घेऊन ती संगणकावर लिब्रेऑफिसच्या तक्त्यात भरायची. हे मोफत आहे आणि मराठीतही चालतं. आलेख काढला की ठिपके जवळजवळ एका रेषेत बसतात. एखादा ठिपका रेषेबाहेर गेला तर तो खोडायचा नाही. कुणाचं वजन चुकलं, की नळीला बुडबुडा चिकटला होता, हे शोधायचं. विज्ञानाचा निम्मा आनंद त्या एका वाकड्या ठिपक्यात असतो.

आता रसवंतीतला रस आणायचा, लिंबू, आलं, बर्फ काही न घातलेला. फेस बसू द्यायचा आणि नळी सोडायची. पक्क्या उसाचा रस अठरा-वीसच्या आसपास दाखवतो. मग मोठ्यांकडून एकच ऊस तोडून घ्यायचा आणि त्याच्या बुडख्याचा व शेंड्याचा रस वेगळा काढून मोजायचा. बुडखा गोड आणि शेंडा पांचट, हे कोऱ्हाळ्यातल्या कुठल्याही पोराला सांगायला नको, त्यानं दातानं सोलून खाल्लेला असतो. पण त्या दोन आकड्यांचा भागाकार एकाच्या जवळ आला की ऊस तोडणीला आला, हे घरी जाऊन वडिलांना सांगता येतं. शेतावर याच कामाला हँड रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, रसात प्रकाश किती वाकतो त्यावरून ब्रिक्स दाखवणारा. आपली नळी तेवढी अचूक नाही, पण ती कशी चालते हे मुलाला माहीत असतं.

नळी का उचलली गेली हे दिसलं, पण साखर पाण्यात नेमकी गेली कुठं, हे दिसलं नाही. इथं पडद्याला बोलवायचं. कोलोरॅडो विद्यापीठातला ‘फेट’ हा उपक्रम कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केला, पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळाल्यानंतरच्या वर्षी. त्यातली सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि अनेकांची मराठी भाषांतरं झाली आहेत. एकदा उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवाय साध्या ब्राउझरमध्ये चालतात. द्रावणाची तीव्रता, घनता आणि प्रकाशाचं अपवर्तन ही तीन आजच्या प्रयोगाला पुरतात. ती प्रयोगानंतर दाखवायची. आधी दाखवली तर नळी म्हणजे पडद्यावरच्या चित्राची नक्कल होऊन बसते.

हे सगळं साठवायला मोठं यंत्र लागत नाही. रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाएवढा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला बाजारात आला. त्याच वर्षी सॅन दिएगोतल्या विद्यार्थ्यांनी खान अकॅडमीचे धडे इंटरनेटशिवाय चालवण्याची सोय केली. तिचंच पुढचं रूप म्हणजे ‘कोलिब्री’. छोट्या संगणकावर कोलिब्री घातलं की तो वर्गापुरतं वायफाय तयार करतो आणि घराघरांतले जुने मोबाइल त्याला जोडता येतात. लाइट गेली तरी चांगल्या पॉवर बँकेवर तो काही तास चालतो. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते उपयोगी आहेत, पण त्यांना नेटवर्क लागतं. ऐन तासाला ते गेलं की तास गेला.

आता आजचा माझा सर्वांत आवडता भाग. एका भांड्यात वीस ब्रिक्सचं साखरपाणी ठेवा. दुसऱ्यात साध्या पाण्यात मीठ घालत जा, नळी बरोबर त्याच रेघेवर येईपर्यंत. साधारण साडेअकरा टक्के मीठ लागतं. नळी म्हणते दोन्ही सारखे! ब्रिक्सची नळी विरघळलेल्या सगळ्याच पदार्थांनी फसते. मग कारखाना रसात साखर किती हे कसं ओळखतो? ही चैनीची शंका नाही. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असतो. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त.

उत्तर प्रकाशात आहे. फ्रान्सच्या बायो या शास्त्रज्ञाला १८१५ मध्ये आढळलं की ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश, साखरेच्या द्रावणातून गेला की ती दिशा फिरते. मिठाच्या पाण्यातून फिरत नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’ काढतात ते याच तत्त्वावर, आणि त्यासाठी लागणारं पोलॅरिमीटर हे शाळेला न परवडणारं यंत्र आहे.

पण ध्रुवित प्रकाश देणारा दिवा आपल्या टेबलावरच आहे. संगणकाच्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश मुळात ध्रुवितच असतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका जागी पडदा काळा होईल. तसाच धरून ठेवा आणि दुसऱ्याला मिठाच्या पाण्याची सपाट काचेची बरणी पडद्यासमोर धरायला सांगा. काळंच. आता बरणीत साखरेचा घट्ट पाक : अंधार उजळतो आणि गॉगल फिरवत गेलं की पाकात निळा, जांभळा, पिवळा असे रंग उमटत जातात, कारण प्रत्येक रंग साखरेमुळे वेगवेगळा फिरतो.

मोजायचं असेल तर रंग एकच हवा. तोही संगणकच देतो, पान पूर्ण हिरवं करायचं. १०० ग्रॅम साखरेचा पाण्यासह एकूण २०० मिलिलिटर पाक करून तो दहा सेंटिमीटर रुंदीच्या बरणीत भरला तर गॉगल जवळजवळ ४० अंश फिरवल्यावर पुन्हा अंधार होतो. कंपासपेटीतला कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवला की पोलॅरिमीटर झालं. पडद्यावर चित्र बघायला बसलेल्या मुलांनी पडदाच प्रयोगाचं साहित्य करून टाकला.

एक गोष्ट मनात राहते. हंगामात या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप कोयत्यावर आणि पोरं कोपीत. कुणी साखरशाळेत बसतं, कुणी गावी हंगामी वसतिगृहात मागं राहतं, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत फडाच्या कडेला बसतं. रसात साखर किती हा प्रश्न त्यांच्या घरचाही आहे, त्यांच्या आईनं तोडलेल्या मोळीतूनच तो सुरू होतो. नळी, छर्रे, एक गॉगल, दोन जुने मोबाइल आणि मुठीत मावणारा संगणक, एवढं एका डब्यात मावतं. कोऱ्हाळ्यासारख्या गावातल्या शाळेनं असा डबा केला, तर तो संध्याकाळी कोप्यांपर्यंतही न्यावा. फडातला ऊस कसा तोडायचा हे तिथल्या पोरांना गावच्या पोरांपेक्षा नक्कीच जास्त कळतं. बुडख्याचा आणि शेंड्याचा रस मोजताना कोणती कांडी घ्यायची, ते त्यांनाच ठरवू द्यावं.

पुढच्या आठवड्यात : कालव्याच्या पाण्याचा वेग, एक बूच आणि मोबाइलचं घड्याळ.