माशांना वेदना होतात काय?

गळाला लागलेला मासा पाण्याबाहेर काढावा, त्याचे वजन करावे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यावे, असा एक छंद जगात अनेक ठिकाणी रूढ आहे. मासा मारला जात नाही, तेव्हा हा खेळ निरुपद्रवी होय, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. हे म्हणणे पारखून पाहावयाचे, तर दोन प्रश्नांचा विचार केला पाहिजे. माशाला वेदना होतात काय? आणि सोडलेला मासा जगतो काय?

इजा आणि वेदना

निखाऱ्याला बोट लागताच हात मागे येतो. वेदना जाणवते ती त्यानंतर. हात मागे घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया होय आणि ती जाणिवेवाचूनही घडू शकते. म्हणून गळाला लागलेला मासा तडफडतो, एवढ्यावरून त्याला वेदना होतात असे सिद्ध होत नाही.

२००३ साली स्कॉटलंडमधील रॉस्लिन संस्थेत लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनी ट्राउट माशावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. या माशाच्या डोक्यावर इजेची वार्ता टिपणारी २२ ग्राहके त्यांना आढळली. काही माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचले असता त्यांचा श्वास जलद झाला, ते तळाच्या वाळूखड्यांवर ओठ घासू लागले आणि सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. मॉर्फीन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर ती इतका वेळ टिकली नसती.

यावर आक्षेप असा, की मनुष्याला वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या बाह्यकामुळे होते, ते माशाला नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रायन की यांनी २०१६ साली हा मुद्दा विस्ताराने मांडला. परंतु तसे बाह्यक पक्ष्यांनाही नाही, आणि तरीही पक्ष्यांच्या वेदना सहसा कोणी नाकारीत नाही. वाद मिटलेला नाही. मात्र पुराव्याचे पारडे वेदनेच्या बाजूने झुकलेले आहे.

सोडलेल्या माशाचे काय होते?

पाण्याबाहेर येताच कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते. १९९२ साली कॅनडात दमविलेल्या ट्राउट माशांवर एक प्रयोग झाला. पाण्यातच ठेवलेल्यांपैकी १२ टक्के मासे बारा तासांत मेले. तीस सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, तर साठ सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. हे प्रमाण प्रयोगशाळेतील आहे. अनेक अभ्यासांचा २००५ साली जो आढावा घेतला गेला, त्यात सोडलेल्या माशांचे सरासरी मृत्युप्रमाण १८ टक्के निघाले.

महसीराचे उदाहरण

१८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ‘खुद्री’ या महसीराचे वर्णन केले. पुढे लोणावळ्यास टाटा वीज कंपनीच्या केंद्रात या जातीची पिल्ले वाढविण्यात येऊ लागली व ती दूर कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीकाठच्या शिबिरांत हौशी लोक महसीर धरून सोडीत. पूर्वी चोरून मासेमारी करणाऱ्या काहींना तेथे रखवालदाराचे काम मिळाले. शिवाय शिबिरांतील १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदींवरूनच कळून आले, की कावेरीचा मूळचा कुबडा महसीर झपाट्याने घटत असून बाहेरून आणलेला महसीर वाढत आहे. २०१८ साली कुबड्या महसीराची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. या छंदापासून झालेला लाभ काल्पनिक नव्हे.

तथापि माशाचे रक्षण गळावाचूनही होऊ शकते. महाड तालुक्यात काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे महसीर मारला जात नाही; भाविक त्याला कुरमुरे घालतात.

निर्णय कसा करावा?

भारताच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाचा अर्थ मनुष्येतर कोणताही सजीव असा आहे. अर्थात मासाही त्यात आला. अन्नासाठी होणाऱ्या वधाला तेथे सूट आहे, पण अनावश्यक यातना होऊ नयेत ही अट आहे. स्वित्झर्लंडने तर सोडून देण्याच्या हेतूने मासा धरण्यासच मनाई केली आहे.

कोळी उपजीविकेसाठी मासा धरतो, संशोधक ज्ञानासाठी. धरून सोडणाऱ्याजवळही नदीच्या रक्षणाचे कारण असू शकते. मग त्याने काटा नसलेला गळ वापरावा, माशाला फार दमवू नये आणि पाण्याबाहेर काढू नये. परंतु जेथे करमणुकीपलीकडे कोणतेही कारण नाही, तेथे संशयाचा फायदा माणसाने घ्यावा की माशाला द्यावा, हा प्रश्न प्रयोगशाळेचा नसून विवेकाचा आहे. क्लेश सोसावे लागतात ते माशाला. म्हणून तो फायदा त्यालाच मिळणे न्याय्य होय.