कोरेगावच्या शिपायाच्या हाती बंदूकच द्या
भीमजयंतीला आपल्या बुलडाणा जिल्ह्यात भीमा कोरेगावचे देखावे निघतात. पुठ्ठ्याच्या ढाल-तलवारी घेतलेली मुले पाहून आमचाही ऊर भरून येतो. पण १ जानेवारी १८१८ रोजी लढलेले महार शिपाई कंपनी सरकारच्या पायदळातले. अंगात लाल डगला, हाती गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक, टोकाला संगीन. कागदी काडतूस दातांनी फाडायचे, दारू-गोळी गजाने नळीत ठासायची, मग बार काढायचा.

बांबूची नळी, लाकडी दस्ता, चंदेरी कागद लावलेली पुठ्ठ्याची संगीन. एवढे घरी जमते. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या स्तंभाला मानवंदना दिली, त्यावर या शूरांची नावे कोरलेली आहेत. त्यांना खोट्या ढालीची गरज नाही. बंधू-भगिनींनो, १४ एप्रिलला देखावा खरा करू या. जयभीम!