महसुली अभिलेखातील 'डीबीए' : कामातून घडणारे शिक्षण (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हटले की संगणकशास्त्राची पदवी घेतलेला, महानगरातील कंपनीत काम करणारा अभियंता डोळ्यांसमोर उभा राहतो. महाराष्ट्राच्या महसूल खात्यात मात्र 'डीबीए' ही संज्ञा वेगळ्याच अर्थाने रूढ झाली आहे. ई-फेरफार प्रणालीत तालुका पातळीवरील तांत्रिक जबाबदारी नायब तहसीलदारांकडे सोपविण्यात आली आणि त्या भूमिकेला 'डीबीए' हे नाव मिळाले. हा अधिकारी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून किंवा पदोन्नतीने आलेला असतो. जमीन महसूल संहिता त्याला परिचित असते; डेटाबेस मात्र तो टेबलावर आल्यावरच शिकतो. हे शिक्षण कसे घडते आणि त्यात कोणती जोखीम असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (2024 पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यात 14 तालुके आहेत. भंडारदरा धरणाच्या पाण्यावरील प्रवराकाठची बागायत, पाथर्डी-जामखेडची जिरायत, अकोल्याचा डोंगराळ आदिवासी भाग आणि श्रीरामपूर-राहाता-कोपरगाव पट्ट्यातील खंडकरी जमिनी असे येथील भूधारणेचे विविध प्रकार आहेत. साहजिकच येथील सातबारा उताऱ्यांतही तेवढीच विविधता आढळते.

2008 मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू केला. जमाबंदी आयुक्त कार्यालय, पुणे यांच्या मार्गदर्शनाखाली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक साहाय्याने राज्यात ई-फेरफार प्रणाली उभी राहिली. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी 2017 मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाराचा प्रारंभ झाला. तेव्हापासून संगणकातील नोंद ही हस्तलिखिताची केवळ नक्कल राहिली नाही. तीच अभिलेख ठरली.

जुने दप्तर आणि नवे शास्त्र

माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवावी, हा विचार एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडला. महसुली दप्तराची रचना या विचाराला विलक्षण जवळची आहे. गाव आणि गट क्रमांक यांवरून एकच जमीन निश्चित ओळखता येते. डेटाबेसच्या भाषेत ही 'की' होय. गाव नमुना 7 मध्ये गटनिहाय असलेली माहितीच गाव नमुना 8-अ मध्ये खातेनिहाय एकत्र येते.

फेरफाराची प्रक्रिया तर 'ट्रॅन्झॅक्शन'चा आदर्श नमुनाच म्हणता येईल. संहितेच्या कलम 150 नुसार तलाठी (2024 पासून ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तोपर्यंत सातबारा बदलत नाही. बदलल्यावरही जुने नाव पुसले जात नाही. ते कंसात जाते व शेजारी फेरफार क्रमांक येतो. म्हणजे शास्त्राचा निम्मा भाग या अधिकाऱ्याला आधीपासूनच अवगत असतो. केवळ त्याची परिभाषा त्याला नवी असते.

शिकण्याचे टप्पे

पहिला टप्पा वापरकर्त्यांच्या व्यवस्थापनाचा. कोणत्या तलाठ्याकडे कोणती गावे आहेत, अतिरिक्त कार्यभार कोणाचा, बदली झालेल्याचे अधिकार काढले की नाहीत, या दैनंदिन कामातून 'ज्याला जेवढे आवश्यक, तेवढेच अधिकार' हे तत्त्व अंगवळणी पडते. डिजिटल स्वाक्षरीचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणे होय, हेही येथेच उमगते.

दुसरा टप्पा विसंगती अहवालांच्या वाचनाचा. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका गटाचे जुने क्षेत्र 2 एकर 20 गुंठे, म्हणजे 100 गुंठे आहे. एक गुंठा सुमारे 1.0117 आर धरल्यास ते 1 हेक्टर 1.17 आर होते. तीन भावांत समान वाटप केल्यास प्रत्येकाच्या नावे 33.72 आर येतात. पण त्यांची बेरीज 1 हेक्टर 1.16 आर होते. फरक 0.01 आरचा, म्हणजे अवघ्या 1 चौरस मीटरचा असतो. मनुष्य तो दुर्लक्षितो. नियमाने बांधलेला डेटाबेस मात्र 'क्षेत्राचा मेळ नाही' असे दाखवितो. अशी उदाहरणे सोडविताना अचूकतेचे बंधन म्हणजे काय, हे पुस्तकाविना कळते.

तिसरा व सर्वांत कठीण टप्पा दुरुस्तीचा. संगणकावर आकडा बदलणे क्षणाचे काम असते. परंतु तो 1 चौरस मीटर कोणत्या भावाच्या नावे लावावा, हे ठरविण्याचा अधिकार कळफलकाला नाही. लेखनप्रमाद असल्यास कलम 155 खाली आदेश हवा. हक्काचा वाद असल्यास त्याचा मार्ग निराळा. भोगवटादार वर्ग-2 ऐवजी चुकून वर्ग-1 पडले, तर परवानगीविना विकता न येणारी जमीन कागदावर मुक्त होते. अकोल्यातील आदिवासी खातेदाराच्या उताऱ्यावरील कलम 36-अ चा शेरा गळाला, तर त्याचे संरक्षणच धोक्यात येते. कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून येथील चूक ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही. करता येणे आणि करण्याचा अधिकार असणे यांतील भेद हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

मर्यादा व उपाय

कामातून मिळालेले ज्ञान व्यक्तीसोबत राहते आणि व्यक्तीसोबतच जाते. 2005 च्या बदली अधिनियमानुसार पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा आहे. प्रणालीत मुरलेला अधिकारी बदलून गेला की नवा अधिकारी पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करतो. जिल्हा पातळीवरील 'डीडीई' अधिकाऱ्याचे मार्गदर्शन उपयुक्त असले, तरी 14 तालुक्यांच्या दैनंदिन अडचणींना ते पुरे पडणे अवघड आहे.

यावर तीन उपाय सुचविता येतील. प्रत्येक दुरुस्तीचे कारण, आदेश क्रमांक व अवलंबिलेली रीत यांची नोंदवही ठेवावी. कार्यभार देताना ती हस्तांतरित व्हावी. नवागतास प्रत्यक्ष अभिलेखाऐवजी सराव प्रतीवर शिकू द्यावे. कारण प्रत्यक्ष अभिलेखावर झालेल्या चुकीची किंमत पीककर्जासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी मोजतो. तसेच दुरुस्ती करणारा व ती तपासणारा या दोन स्वतंत्र व्यक्ती असाव्यात. तलाठी व मंडळ अधिकारी यांच्या रूपाने ही व्यवस्था महसूल खात्यात पूर्वापार चालत आली आहे. तीच डेटाबेसलाही लागू करावयाची आहे.

निष्कर्ष

तहसील कार्यालयातील डीबीए हा अपुरा संगणकतज्ज्ञ नव्हे. तो कायदा जाणणारा आणि काम करता करता तंत्र शिकलेला अभिलेखपाल आहे. तंत्र जाणणारा पण फेरफाराचा अर्थ न कळणारा तज्ज्ञ त्याची जागा घेऊ शकणार नाही. मात्र त्याचे शिकणे योगायोगावर सोपविणे इष्ट नाही. ज्या नोंदीवर कुटुंबाची जमीन उभी असते, ती सांभाळणाऱ्याच्या शिक्षणालाही दप्तरात स्थान मिळाले पाहिजे.